जुन्या गाडीची हीटर ब्लोअर मोटर बदलताना

डॅशबोर्ड परत चढवला, शेवटचा स्क्रू आवळला, चावी फिरवली आणि हीटरचा स्विच दाबला. नवी ब्लोअर मोटर, म्हणजे हीटरची हवा ढकलणारा पंखा फिरवणारी मोटर, सुरू झाली. आवाज मऊ, खरखर नाही, थरथर नाही. व्हेंटपुढे हात धरला, तर आली ती नुसती फुंकर. डोळ्यात कचरा गेल्यावर कोणीतरी घालतं, तेवढीच.

पुढचे दोन तास मी झडपा, केबल, डक्ट सगळ्यांकडे संशयाने पाहत होतो. मोटर फिरतेय म्हणजे मोटर ठीक, हे डोक्यात पक्कं बसलेलं. प्रत्यक्षात मोटर उलटी फिरत होती. दोन वायरींची अदलाबदल करायची, एवढाच इलाज. पण त्या दोन वायरींपर्यंत पोचायला डॅशबोर्ड पुन्हा खाली उतरवावा लागला.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो: डॅशबोर्ड बंद करण्याआधी जे जे तपासता येईल, ते सगळं उघड्यावरच तपासून घ्यायचं. मोटर बदलायला वीस मिनिटं पुरतात. दिवस जातो तो तिच्यापर्यंत पोचण्यात आणि तिथून परत येण्यात. म्हणून खाली मोटरीइतकंच तिच्या आजूबाजूचंही आलं आहे.

मोटर खरंच गेली आहे का?

लक्षणं नीट ऐकली तर निम्मं निदान काहीही न उघडता होतं. फुल स्पीडवर चालते पण खालच्या स्पीडवर अजिबात नाही, तर मोटर चांगली आहे आणि बहुधा रेझिस्टर (स्पीड कमी करण्यासाठी करंट अडवणारा भाग) जळला आहे. बहुतेक गाड्यांत कमी स्पीडला करंट रेझिस्टरच्या तारेतून जातो आणि फुल स्पीडला थेट मोटरकडे. थंडीत सुरू करताना किंचाळते आणि पाच मिनिटांनी गप्प होते, म्हणजे शाफ्टचे बुश (मोटरचा दांडा ज्या कड्यांत फिरतो त्या) कोरडे पडलेत. वळणावर खरखर वाढत असेल तर बुश झिजून शाफ्टला खेळ आलाय. टिकटिक आवाज येतोय, तर बऱ्याचदा पंख्यात वाळकं पान अडकलेलं असतं. आणि मोटरच्या बॉडीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ हलकेच ठोकल्यावर ती चालू होत असेल, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) संपत आलेत.

सगळ्याच स्पीडवर बंद असेल तर आधी फ्यूज पाहा. नुसता पाहू नका, काढून त्याची दोन्ही टोकं आणि होल्डरच्या पट्ट्या घासा. जुन्या काचेच्या फ्यूजमध्ये तार शाबूत दिसते आणि टोपीखाली मात्र ती तुटलेली असते. मग मल्टिमीटर घ्या.

इथे बहुतेकांची एक चूक होते: प्लग काढून व्होल्टेज मोजतात. सुट्या वायरवर १२ व्होल्ट दिसतात, मग मोटर गेली असं ठरवून मोकळे होतात. गंजलेला जोड मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास घेतच नाही. मोटरला करंट लागतो. ६ अँपिअर वाहत असताना अर्ध्या ओहमच्या गंजलेल्या जोडात ३ व्होल्ट तिथल्या तिथे खर्च होतात. त्यामुळे प्लग जोडलेला ठेवा, स्विच फुलवर ठेवा आणि मीटरच्या पिना मागच्या बाजूने टर्मिनलला लावा. मोटरच्या दोन टोकांवर बॅटरीपेक्षा एखाद्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असेल तर दोष वाटेत आहे. मग मोटरचं अर्थ टर्मिनल (गाडीच्या बॉडीला जोडलेलं टोक) आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थचा स्क्रू काढा, खालचा पत्रा उजळ होईपर्यंत घासा, परत आवळा. निम्म्या 'मेलेल्या' मोटरी इथेच जिवंत होतात असं माझं मत आहे, आणि त्यावर मी पैज लावायला तयार आहे.

शेवटची परीक्षा म्हणजे बॅटरीवरून फ्यूज लावलेली वेगळी वायर थेट मोटरला देणं. तरीही हलली नाही, किंवा फ्यूजच उडाला, तर आता पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला हरकत नाही.

ती कुठे लपलीय

जुन्या गाड्यांमध्ये हीटर बऱ्याचदा नंतर सुचलेली गोष्ट असायची. १९५० आणि ६० च्या दशकांत कित्येक मॉडेलवर तो जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय होता. त्यामुळे मोटर कुठे असेल याला नियम नाही. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये हीटरचा बॉक्स इंजिनच्या बाजूला, बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) बसतो. मोटर पुढून तीन स्क्रू काढून बाहेर येते; अख्खा बॉक्स उचलायचा ठरवलात तर मात्र हाताची सालटी निघतात. याच्या दुसऱ्या टोकाला व्होल्व्हो २४०. तिथे मोटर बॉक्सच्या पोटात, शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि दोन्ही टोकांवर एकेक पंखा. १९७४ ते १९९३ बनलेल्या या गाडीच्या मालकांत ब्लोअर हा शब्द जपून उच्चारतात.

तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि त्यातलं चित्र पाहा. फक्त एकच गोष्ट ठरवायची आहे: कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे) पाइप सोडावे लागणार की नाही. मोटर एकटी निघत असेल तर सुटलात. बॉक्स काढायचा असेल तर हीटर कोअर (गरम कूलंट ज्यातून फिरतो तो छोटा रेडिएटर) त्याच्याच आत असतो, आणि मग काम दुप्पट होतं.

नवी मोटर घेण्याआधी मापं

हुबेहूब मूळची मोटर मिळाली तर उत्तमच. पण पन्नास वर्षं खोक्यात पडून राहिलेल्या मोटरीचंही तेल वाळलेलं असतं. ती बसवण्याआधी खोलून तेल द्यावंच लागतं. बाकी वेळा 'चालेल अशी' मोटर शोधावी लागते. तेव्हा जुनी समोर ठेवून बॉडीचा व्यास, बसवायच्या भोकांमधलं अंतर, शाफ्टची लांबी आणि जाडी मोजा. व्हर्नियरनेच मोजा, पट्टीने नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी जुन्या मोटरींचा शाफ्ट पाव इंची असू शकतो, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बदली मोटर ६ मिलिमीटरची आली तर पंखा त्यावर बसतो, स्क्रूही आवळला जातो, पण त्या ०.३५ मिलिमीटरमुळे पंखा मध्यावर राहत नाही आणि सगळा डॅशबोर्ड गुणगुणायला लागतो. शाफ्टवर कागद किंवा टेप गुंडाळून हे भागत नाही. लेथवर नेमका बुश करून घ्या.

व्होल्टेज बघा. अमेरिकी गाड्या बहुतांशी १९५० च्या दशकाच्या मध्यावर ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या, फोक्सवॅगन बीटल त्यानंतर दहाएक वर्षांनी. मधल्या काळात कोणी गाडी १२ व्होल्टवर नेली असेल आणि ब्लोअर ६ चाच ठेवला असेल, तर तो का जळला हे विचारायची गरज नाही.

आणि मग फिरण्याची दिशा. मी जिथे आपटलो ते हेच. मोटरमध्ये कायमस्वरूपी चुंबक असतील तर प्लस-मायनस उलटे केले की दिशा उलटते. चुंबकांऐवजी वायरीची फील्ड कॉइल असेल तर वायरी बाहेरून कशाही जोडा, दिशा तीच राहते. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. एमजीबीने निगेटिव्ह अर्थ, म्हणजे मायनस बॉडीला, घेतला तो १९६७ च्या अखेरीस. मधल्या मालकाने पोलॅरिटी बदललेली असते, वर कुठे लिहिलेलं नसतं, आणि आपण जुन्या रंगांवर विसंबून वायरी जोडतो.

पिंजऱ्यासारखा गोल पंखा असेल तर उलटी दिशा पटकन कळत नाही. असा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच वाटेने बाहेर येते, फक्त खूप कमी. पात्यांचा साधा पंखा उलटा फिरला तर हवा ढकलण्याऐवजी ओढतो, त्यामुळे ती चूक लगेच पकडली जाते. जुनी मोटर थोडीफार फिरत असेल तर काढण्याआधी दिशा पाहून बॉडीवर बाण काढा.

उघडताना

आधी बॅटरीचं अर्थ टर्मिनल काढा. लक्षात घ्या, 'मायनस काढा' असं मी म्हणत नाही. जे टर्मिनल बॉडीला गेलंय ते काढा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते प्लस असतं. पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी उडू नये, हा त्यामागचा हेतू.

प्रत्येक पायरीला फोटो काढा: वायरींचे, केबलच्या क्लिपांचे, झडपांच्या दांड्या कुठल्या भोकात अडकवल्यात त्याचे. झाकण, खोकी, वाट्या काहीही घ्या आणि स्क्रू ज्या भागाचे त्या भागासोबत ठेवा. डॅशबोर्डमध्ये दिसायला सारखे पण लांबीत वेगळे स्क्रू असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो मागच्या वायरींच्या जुडग्यात घुसतो.

जुनं प्लास्टिक हा खरा शत्रू. पन्नास वर्षांत ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. खटका दिसला नाही तर जोर लावू नका, आधी शोधा. थंडीत काम असेल तर तो भाग हेअर ड्रायरने कोमट करा. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर थांबा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसेल असंच निवडा. एकदा डोकं घासलं की तिथेच अर्धा तास गेला.

कूलंट सोडायचं असेल तर इंजिन पूर्ण गार असताना, खाली भांडं ठेवून. तो गोडसर असतो आणि विषारी असतो. सांडलेला तसाच ठेवलात तर कुत्रं-मांजर चाटतं. हीटर कोअरचे पाइप तांब्या-पितळेचे, पातळ. त्यावर चिकटलेला रबरी होज पिळून ओढू नका. उभा चीर देऊन कापून काढा, नवा लावा. होज स्वस्त, कोअर महाग.

बल्कहेडच्या आतल्या बाजूला जुनं राखाडी, तंतुमय अस्तर असेल तर ते कोरडं खरवडू नका. त्या काळच्या अशा अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. शंका असेल तर हात लावू नका.

पंखा शाफ्टवरून काढणं

इथे घाई केली की पंखा फुटतो, आणि पंखा मिळणं मोटर मिळण्यापेक्षा कठीण. आधी पंख्याचा पृष्ठभाग आणि मोटरची बॉडी यांच्यातलं अंतर मोजून लिहून ठेवा. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी पंखा बॉक्सला घासतो.

मग बघा तो धरलाय कशाने: बाजूचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू), वरचा नट, स्प्रिंगची क्लिप की नुसताच दाबून बसवलेला. नट असेल तर आटे उलटे असू शकतात, त्यामुळे अडला की दुसरीकडे फिरवून पाहा. शाफ्टचा उघडा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून थेंबभर तेल द्या, मगच ओढा. ओढताना पकड हबवर (पंख्याच्या मधल्या भागावर), पात्यांवर नाही. प्लास्टिकचा हब हेअर ड्रायरने गरम केला की बऱ्याचदा सुटतो. हातोडी आणू नका: आतले चुंबक सिरॅमिकचे असतील तर एका ठोक्यात तडकतात, आणि ती मोटर दुरुस्तीच्या पलीकडे जाते.

पात्यांवर छोट्या धातूच्या क्लिपा दिसल्या तर त्या साफसफाईच्या उत्साहात काढू नका. बॅलन्ससाठी लावलेल्या असतात.

जुनीच वाचवता येते का?

बऱ्याचदा येते, आणि मला व्यक्तिशः हाच मार्ग आवडतो. दोन झाकणं धरणाऱ्या लांब बोल्टना सोडण्याआधी बॉडी आणि झाकणांवर आडवी रेघ ओढा, म्हणजे जोडताना कोन चुकत नाही. आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) बाहेर ओढताना शाफ्टवरच्या बारीक वॉशरांचा क्रम पाहून ठेवा.

कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) चॉकलेटी, गुळगुळीत असेल तर तो तसाच छान आहे. काळा, खड्डे पडलेला असेल तर बारीक काचपेपरची पट्टी गुंडाळून फिरवत घासा. एमरी वापरू नका, तिचे कण खाचांत रुततात. मग हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून पातळ करा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा साधारण अर्धा मिलिमीटर खोल साफ करा. मीटरवर प्रत्येक दोन शेजारी पट्ट्यांमध्ये जवळपास सारखा रेझिस्टन्स यायला हवा, आणि कुठल्याही पट्टीपासून शाफ्टपर्यंत करंटला वाट मिळता कामा नये. शाफ्टला वाट मिळत असेल तर वाइंडिंग जळालंय, रिवाइंड करणाऱ्याकडे द्या किंवा नवी घ्या.

ब्रश आपल्या खोबणीत सहज सरकले पाहिजेत. नेमका मिळाला नाही तर थोडा मोठा घेऊन पॉलिश पेपरवर घासून बसवता येतो; कार्बन मऊ असतो, दोन मिनिटांचं काम. बुश बहुधा सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल स्पंजसारखं पोटात धरणारे. त्यांना ग्रीस भरू नका आणि गंज सोडवणारा स्प्रे तर मुळीच मारू नका, तो उरलंसुरलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. हलकं इंजिन ऑइल चालतं. सुटे निघत असतील तर रात्रभर तेलात ठेवा. शाफ्ट बुशमध्ये आडवा हलत असेल तर मात्र तेलाने काही होणार नाही, बुश बदला.

बॉक्स उघडाच आहे तोवर

पानं, उंदराचं घरटं, मागच्या मालकाचं पेन, काहीही सापडेल. वॅक्युमने ओढा, मास्क लावा. झडपांवरचा फोम हात लावताच पावडर होतो. तोच पुढे व्हेंटमधून काळ्या भुशासारखा अंगावर येतो. सगळा खरवडून बंद पेशींचा नवा फोम चिकटवा, जाडी मूळइतकीच. जाड लावलात तर झडप पूर्ण मिटत नाही आणि केबलवर ताण येतो.

बॉक्स बाहेर असेल तर हीटर कोअर तपासल्याशिवाय परत लावू नका. एक पाइप बंद करा, दुसऱ्यातून रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरा आणि बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर त्याचे उपकार माना, आत्ता दिसला म्हणून.

काचेच्या खालच्या जाळीतून शिरणारं पावसाचं पाणी जिथून बाहेर पडतं, ती नळी शोधून तारेने मोकळी करा. वरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली पडतं का पाहा. ही नळी तुंबली की पाणी मोटरवर साचतं. बुश गंजण्याचं मूळ कारण बऱ्याचदा हेच असतं, आणि ते तसंच ठेवलं तर नवी मोटरही त्याच वाटेने जाईल. काही मोटरींना बॉक्समधून थंड हवा आणणारी एक बारीक रबरी नळी असते. ती निरुपयोगी वाटते, हरवतेही. तिच्याशिवाय मोटर तापून मरते.

टेबलावर चालवून मगच गाडीत

पंखा लिहून ठेवलेल्या अंतरावर बसवा आणि हाताने फिरवा. मोटर एका हाताने घट्ट धरा, कारण सुरू होताना ती झटका देते. फ्यूज लावलेल्या वायरीने बॅटरी द्या. बोटं पंख्यापासून लांब. दिशा बाणाशी जुळते का? थरथर आहे का? पाच-दहा मिनिटं चालू द्या आणि करंट मोजा. आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बसवताना मोटरच्या कडेचं रबरी किंवा फोमचं गॅस्केट नवं घाला; ते हवा अडवतं आणि थरथरही गिळतं. स्क्रू आधी सगळे सैल लावा, पंखा हाताने फिरवत एकेक आवळा. 'सर्र सर्र' ऐकू आलं तर तो घासतोय. आत्ताच सरळ करा.

आता तो आकडा. जुन्या गाडीत मोटरचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. नवी मोटर जुनीपेक्षा जास्त खेचत असेल तर स्विच आतून तापतो, प्लास्टिक वितळतं. मग फुल स्पीडसाठी रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी; आकडे तिच्या पिनांचे) घाला: बॅटरीवरून फ्यूज लावून ३० ला, ८७ वरून मोटरला, स्विचची जुनी वायर ८६ ला आणि ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीजवळ हवा, मोटरजवळ नाही, म्हणजे मधली वायर कुठे घासली तरी तो उडेल. रेझिस्टर मात्र हवेच्या वाटेतच ठेवा; वाहत्या हवेनेच तो गार राहतो.

डॅशबोर्ड चढवण्याआधी बॅटरी जोडा, सगळे स्पीड चालवा, झडपांची प्रत्येक केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पाहा, काचेकडचा प्रवाह हाताने तपासा. कूलंट भरला असेल तर हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून इंजिन गरम होऊ द्या. कोअरकडे जाणारा आणि परत येणारा, दोन्ही होज गरम लागायला हवेत. एकच गरम असेल तर आत हवा अडकलीय.

पहिल्या दिवशी जळक्या धुळीचा थोडा वास येईल, तासाभरात जातो. वायर जळाल्याचा वास वेगळा असतो, झोंबणारा. तो आला तर तिथेच बंद करा. आणि आठवड्याभराने इंजिन गार असताना होजच्या क्लिपा पाऊण फेरा तरी घेतात का ते पाहा. नवं रबर बसतं, आणि पहिला थेंब नेमका पायाखालच्या मॅटवर पडतो.